कुणाचा मोळ खरा

कार्तिक निम्मा सरला आणि विहिरीनं तळ दाखवायला सुरुवात केली. बंगळुराजवळ आनेकलच्या अलीकडे, तळ्याच्या खालच्या अंगाला खंडोजीचा फुलांचा मळा होता. त्या साली परतीचा पाऊस नुसतं तोंड दाखवून गेला होता. सकाळी थोडा वेळ मोट चालली की चामड्याच्या पिशवीतून गढूळ पाणी यायचं. मग बैल सोडायचे, विहिरीला पाझरायला वेळ द्यायचा आणि उन्हं कलली की पुन्हा जुंपायचे. शेवंतीला एक पाणी चुकलं तरी कळ्या माना टाकतात. त्यात मळ्यातला गडी दिवाळीच्या आधीच बंगळुरात कारखान्यात लागला. तिथं म्हणे भोंगा झाला की काम संपतं. शेवंतीला भोंगा नसतो, म्हणून खंडोजी मोट हाकायचा आणि त्याची बायको अंबुबाई लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून चिखलात उभी राहून पाटाची दारं धरायची. पाणी वाफ्यात वळवून झालं की पाय धुऊन पडवीत फुलं बांधायला बसायची.

अंबुबाईच्या हाताला उसंत नव्हती आणि तिची थोरली लेक नागू हिच्या तोंडाला. नागरत्ना हे तिचं पाळण्यातलं नाव, पण एवढं मोठं नाव घेऊन हाक मारायला कुणाला वेळ होता? सहा सरून सातवं लागलेलं. काळीसावळी, हातापायानं लांब, आणि दिवसभर का, कसं, कुणी केलं हे चालूच. दुसरी बाई असती तर पोरीच्या पाठीत धपाटा घालून मोकळी झाली असती. अंबुबाईला लहानपणी असे धपाटे भरपूर मिळाले होते. नागूएवढी असतानाच तिला फुलांच्या दोऱ्यापाशी बसवलं होतं. हात चालू द्यायचा आणि तोंड मिटायचं, हीच तिची शाळा. लेकीच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

पण उत्तरं तिला तरी कुठली येणार? मग तिनं आपली एक रीत काढली. नागूनं काही विचारलं की ती त्याचा खेळ करायची. एकदा नागूनं विचारलं, "आये, घागर उंच जास्ती का जाड जास्ती?"

"उंचच की गं. दिसतंय की डोळ्याला."

"मी मोजू?"

"मोज. हा घे दोरा."

नागूनं केळीच्या सोपटाचा ओला दोरा घागरीच्या पोटाभोवती गुंडाळला, तोच सरळ करून घागरीच्या शेजारी धरला. दोरा घागरीच्या तोंडावरून कितीतरी वर गेला. अंबुबाईच्या हातातलं फूल हातातच राहिलं. रोज डोक्यावर घेऊन चालत होती ती घागर, आणि तिला हे ठाऊक नव्हतं. मग मायलेकींनी दुपारभर घरातला तांब्या, मडकं, धान्याची कणगी, सगळ्यांना दोरा गुंडाळून बघितला. धाकट्या पुट्टूच्या पोटाला गुंडाळला तेव्हा तो खिदळत लोळायला लागला. खंडोजी भाकरीसाठी आला तर चूल थंड होती. भाकरी होईपर्यंत मग त्यानं आपल्या पागोट्याचा घेर दोऱ्यानं मोजून घेतला.

सगळ्यांत लाडका खेळ मोळाचा होता. फुलं मोळानं विकतात. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक मोळ. आई फुलांचा सर मोजते ते बघून नागूनं गाय मोजली, दार मोजलं, झोपलेला बाप मोजला.

"आये, गाय माझ्या मोळानं जास्ती भरती, तुझ्या मोळानं कमी. असं का?"

"ज्याचा त्याचा मोळ वेगळा असतो, बाई."

"मग खरा कुणाचा?"

"मोजील त्याचा," अंबुबाई म्हणाली आणि हसली. हे उत्तर आपल्याला कुठं नेऊन सोडणार आहे, याची तिला कल्पना असती तर ती हसली नसती.

शनिवारी रघुजी आला. रघुजी म्हणजे खंडोजीचा थोरला भाऊ. बंगळुरात, बसवनगुडीच्या देवळाच्या वाटेवर त्याचं फुलांचं दुकान होतं आणि मळ्यातलं सगळं फूल तिथंच जायचं. अंगानं उंच, हातानं लांब आणि जिभेनं त्याहून लांब. गिऱ्हाईक आपल्या बोलण्याला भुलून येतं, असं तो चारचौघांत सांगायचा, आणि समोरच्या दुकानांपेक्षा त्याच्याकडे गर्दी असायची हेही खरं. त्याला मूलबाळ नव्हतं. नागू त्याला आसपासच्या कन्नड पोरांसारखं दोड्डप्पा, म्हणजे थोरला काका, म्हणायची. अंबुबाई मात्र घरच्या रीतीप्रमाणे थोरल्या दिराशी समोरासमोर बोलत नसे. सांगायचं असेल ते पोरीला सांगायची, आणि रघुजी सगळं ऐकूनही पोरगी पुन्हा सांगेपर्यंत थांबायचा.

"सोमवारी भुईमुगाच्या शेंगांची जत्रा," गुळाचा खडा तोंडात टाकत रघुजी म्हणाला. "नंदीच्या देवळापाशी मुंगीला पाय ठेवाय जागा नसते. वकिलाच्या घरी देवाचा मंडप हाय. सगळा शेवंतीनं मढवायचाय. चार-चार मोळाचे सर, पाट्या भरभरून पायजेत. इथंच तोडून, गुंडाळून आणायचं. तिथं मला मोजत बसाय वेळ न्हाई."

"सरी, अण्णा," खंडोजी म्हणाला. सरी म्हणजे बरं; थोरल्या भावापुढं तो एवढंच म्हणायचा.

"आन् जत्रा झाली की नागूला माझ्याकडंच ठिवा. तुझ्या वहिनीला आता डोळ्यानं दिसंना. परवा फुलांच्या सरात नुसती पानंच बांधत बसली. पोरीची बोटं चांगली हायत. बसंल दुकानात, शिकंल धंदा."

खंडोजीनं मान खाली घातली. 'सरी' त्याच्या ओठावर आलंच होतं. अंबुबाई दोरा ठेवून दाराशी आली. दाराआडून ती म्हणाली, "नागू, दोड्डप्पांना सांग, तुला शाळंत घालायचंय म्हणून."

"दोड्डप्पा, मला शाळंत घालायचंय."

"शाळंत?" रघुजी हसला. "तुझ्या आईला म्हणावं, हे पोर एका जागी बसतंय का? मी आल्यापास्नं बघतोय, कुत्र्याची शेपटी मोजाय लागलंय. घर हाय का डोंबाऱ्याचा खेळ? मास्तर चार दिवसात हाकलून देईल. कामाला लावा, म्हणजे आपोआप शहाणी हुईल."

"सांग त्यांना, ती खेळत न्हाई, शिकतीया."

"दोड्डप्पा, मी खेळत न्हाई, शिकतीया," नागूनं सांगितलं आणि कुत्र्याच्या मागं धावली. रघुजीच्या हसण्याला मग ताळतंत्र राहिलं नाही. जाताना तो एवढंच म्हणाला, की सोमवारी जत्रा उरकली की बघू. थोरल्या भावाचं 'बघू' म्हणजे ठरलेलंच असतं, हे अंबुबाईला लग्नानंतर महिनाभरातच कळलं होतं.

रविवारी उजाडायच्या आत सगळी वाफ्यात उतरली. दवानं हात बधिर झाले, देठ तोडून तोडून अंगठ्याची कातडी हिरवी पडली. शेजारच्या दोघी मदतीला आल्या. पडवीत शेवंतीचा ढीग लागला. चौघी भराभर सर बांधत होत्या आणि लांबच लांब सर ओल्या पाटीत नागासारखा वेटोळं घालून बसत होता. दुपार कलली तसा मळ्यातून खंडोजीचा आवाज आला. विहिरीला पाणी आलं होतं, दारं धरायला कुणी नव्हतं, आणि उरलेल्या कळ्यांना आज पाणी मिळालं नाही तर पुढचा आठवडा कोरडा गेला असता. शेजारणीही आपापल्या घरी निघाल्या होत्या.

"नागू, चार-चार मोळाचे सर मोजून तोड. गाठ मार, गुंडाळ आन् पानात ठेव. येतंय ना?"

"येतंय की," नागू म्हणाली. तिला ते खरंच येत होतं.

अंबुबाई फावडं घेऊन गेली. ती परतली तेव्हा दिवस मावळत होता, कंबर मोडली होती, पायाची बोटं चिखलात फुगून पांढरी पडली होती. पडवीत पाट्या भरून ओसंडत होत्या. प्रत्येक सर नीट गुंडाळलेला, गाठ घट्ट, पानं ओली. एवढे सर होतील असं तिला वाटलं नव्हतं. पोरीनं एकटीनं केलं, आणि बरकतही केवढी. तिनं एकही सर उलगडून बघितला नाही. उलट नवऱ्याला म्हणाली, "बघा, म्हणं खेळती. तुमच्या भावाला आता दाखवतेच."

सोमवारी पहिल्या बसनं सगळी निघाली. पाट्या टपावर, पुट्टू मांडीवर, नागू खिडकीशी. बसवनगुडीत पोचेपर्यंत रस्ता माणसांनी फुलला होता. दोन्ही बाजूंना शेंगांचे ढीग, भाजल्या शेंगांचा वास, पायाखाली टरफलं. रघुजीच्या दुकानापुढं वकिलाचा कारभारी बसवंत छत्री टेकून उभाच होता. रघुजीनं ऐटीत पहिला सर उचलला, उलगडला आणि आपल्या लांब हातावर मोजायला घेतला.

सर तिसऱ्या मोळाच्या आधीच संपला.

त्यानं दुसरा उचलला. तोही तसाच. तिसरा, चौथा. बसवंत बघत होता. "काय रघुजी," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आमच्या देवाला आखूड घालाय निघालास? देवाला मोजता येत नाही असं वाटलं काय? दुसरीकडे बघू का आम्ही?"

रघुजीचं तोंड कानापर्यंत लाल झालं. त्या रस्त्यावर त्याच्या मोळाला आजवर कुणी नावं ठेवली नव्हती. "कुणी मोजलं हे?"

"मी," नागू म्हणाली. अजूनही ती शाबासकीचीच वाट बघत होती.

"कुणाच्या हातानं?"

"माझ्या."

शेजारच्या फुलांच्या दुकानातली गंगव्वा तोंडाला पदर लावून हसली. खंडोजीचा हात वर गेला. लेकीला त्यानं कधी बोट लावलं नव्हतं, पण भावाची अब्रू भर रस्त्यात गेली होती आणि त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. नागूनं डोळे गच्च मिटून घेतले.

अंबुबाई मधे आली. डोक्यावरचा पदर घसरला होता, तो सावरायचंही तिला भान नव्हतं. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा ती रघुजीकडे सरळ बघून बोलली. "भावजी, चूक माझी. मोजील त्याचा मोळ खरा, असं मी तिला शिकवलं. तुमचा हात लांब म्हणून मी दर मोळाला चार बोटं वाढवून सोडत असते, ते तिला सांगाय विसरले. तिनं मोजण्यात चूक केली न्हाई."

"न्हाई केली? मग ह्या आखूड सरांचं काय करू, डोक्यावर घालू?"

"फुलं कुठं गेली न्हाईत. आहेत तेवढीच आहेत. सर आखूड झाले तर जास्तीही झालेत." हे बोलता बोलताच तिला कालची बरकत कळली आणि स्वतःची लाज वाटली. पण लाजायला पुढं जन्म पडला होता. ती लेकीपाशी खाली बसली. "नागू, डोळे उघड. दोड्डप्पांचा मोळ मोज बघू."

नागूनं नाक पुसलं. रघुजीनं हात मागं घेतला. "भावजी, हात पुढं करा," अंबुबाई म्हणाली, आणि त्या आवाजात असं काही होतं की रघुजीनं मुकाट्यानं हात फळीवर टेकवला. बसवंतही छत्री बगलेत मारून जवळ सरकला. नागूनं आपला हात त्या हाताशेजारी लावला. तिची बोटं त्याच्या मनगटापलीकडे जेमतेम पोचत होती. मग तिनं नेहमीसारखा दोरा घेतला. दोड्डप्पाचा एक मोळ धरला, तिचा एक धरून बघितला, जुळेना. दोड्डप्पाचे दोन धरले, आपले मोजत गेली आणि तिचा चेहरा बदलला.

"आये, माझे तीन झाले की ह्यांचे दोन होतात. बघ, बरोबर एका ठिकाणी येतात."

"मग आता काय करायचं?"

अंबुबाई विचारत होती ते पोरीला शहाणी दाखवायला नव्हे. तिला स्वतःलाही अजून उमगलं नव्हतं. खंडोजी काही सांगायला पुढं झाला, तेव्हा तिनं हातानंच त्याला थांबवलं.

नागूनं तीन सर फळीवर शेजारीशेजारी ठेवले. बराच वेळ नुसती बघत राहिली. गर्दी मागून ढकलत होती, पुट्टू रडायला लागला होता. मग तिनं मधला सर उचलला, दुमडून त्याची दोन टोकं जुळवली आणि म्हणाली, "हा मधोमध तोडायचा. अर्धा ह्याला बांधायचा, अर्धा त्याला."

रघुजीनं तोडला. खंडोजीनं गाठी मारल्या. रघुजीनं सर हातावर मोजला. चार मोळ, नखभरही कमी नाही. बसवंतनं स्वतः दुसरा मोजून घेतला आणि छत्री भिंतीला लावून दुकानाच्या पायरीवर बसला. मग काय, हात चालायला लागले. तीन उचलायचे, मधला तोडायचा, दोन करायचे. हसणारी गंगव्वासुद्धा येऊन गाठी मारायला बसली. ऊन डोक्यावर यायच्या आत पाट्या बसवंतच्या घोड्याच्या जटक्यात चढल्या. मंडप मढायला उशीर झाला नाही.

जटका गेला तेव्हा अंबुबाई फळीला टेकून खाली बसली आणि घसरलेला पदर तिनं आता कुठं सावरला. पण सुख असं सरळ कुठं पदरात पडतं? रघुजी घाम पुसत आला आणि नागूच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "खंडू, आता तर हिला मी नेणारच. असलं डोकं मळ्यात कशाला सडवायचं? दुकानात पायजे. आजपास्नं हितंच राहू दे."

अंबुबाई ताडकन उठली. पोर चुकली असती तरी गेली असती, शहाणी ठरली म्हणूनही चालली. तिनं नवऱ्याकडे बघितलं. खंडोजी दोन्ही हातांनी सोपटाचा दोरा पिळत उभा होता.

"अण्णा," तो म्हणाला, आणि त्यानं दोरा फळीवर टाकला. मग म्हणाला, "ती शाळंत जाईल, अण्णा."

"शाळंत काय ठेवलंय? इथं रोज शिकंल ती."

तेवढ्यात नागू गंगव्वाच्या दुकानातून परत आली. मोठ्यांचं चाललं होतं तेवढ्यात ती दोरा घेऊन गंगव्वाचा हात मोजून आली होती. गंगव्वा बाई ठेंगणी, हात आखूड.

"दोड्डप्पा, गंगव्वाचा मोळ तुमच्याहून एवढा कमी हाय," तिनं दोऱ्यावर बोट ठेवून दाखवलं.

"असंल. बाईमाणसाचा हात."

"तुमचा दर आन् तिचा दर एकच ना?"

"एकच. ह्या रस्त्याला सगळ्यांचा एकच."

"मग एवढी एवढी फुलं तुम्ही रोज फुकट का देता?"

रघुजी हसायला गेला आणि अर्ध्यावर थांबला. त्यानं दोऱ्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे बघितलं. इतकी वर्षं गिऱ्हाईक समोरची दुकानं सोडून आपल्याकडे का येत होतं, ते त्याच्या ध्यानात येत चाललं होतं. पलीकडे गंगव्वा एकाएकी फुलांवर पाणी शिंपडण्यात फार गुंतून गेली.

"दोड्डप्पा, सांगा की. मग मोळ तुमचा खरा का तिचा?"

"मला न्हाई ठावं," रघुजी म्हणाला. हे वाक्य त्याच्या तोंडून निघालेलं भावानंही कधी ऐकलं नव्हतं. "आता गज जाऊन मीटर का काय आणलाय म्हणं सरकारनं, कापडाच्या दुकानात लोखंडी पट्टी आलीया. सगळ्यांना एकच. ती कुणी ठरिवली, कशी ठरिवली, ते मास्तरला इचार." एवढं बोलून तो गल्ल्यामागं जाऊन बसला आणि आपला लांब हात त्यानं धोतराखाली दडवला. मग मान वर न करताच म्हणाला, "खंडू, घाल बाबा हिला शाळंत. ही दुकानात बसली तर मला गिऱ्हाइकापुढं तोंड उघडता यायचं न्हाई."

अंबुबाईला हसूही आलं आणि डोळेही भरून आले. तिनं दोन्ही लपवलं नाही. भावजींच्या आंधळ्या होत चाललेल्या बायकोसाठी मात्र तिला वाईट वाटलं. निघताना तिनं समोरूनच सांगितलं, की दर शुक्रवारी ती स्वतः येऊन जाऊबाईंचे सर बांधून देईल. रघुजीनं मान हलवली आणि पोरांच्या ओटीत भाजक्या शेंगा ओतल्या.

परतीच्या बसमध्ये नागू शेंगा सोलत होती. एका टरफलात किती दाणे निघतात त्याचा तिचा खेळ चालला होता, आणि तीन दाण्यांची शेंग निघाली की ती आईला द्यायची. पलीकडे बसलेला कुणी उतारू कौतुकानं बघत होता. उद्या सकाळी पोरीला घेऊन शाळेत जायचं, मास्तरांना म्हणायचं, वर्ष निम्मं गेलंय, तरी नुसती बसू द्या. खंडोजीनं ते आपणहून कबूल केलं होतं. मोट थोडी उशिरा जुंपू म्हणाला.

"आये," नागूनं विचारलं, "तू शाळंत गेलतीस?"

"न्हाई बाई."

"मग तिथं चांगलं असतंय, हे तुला काय ठावं?"

खंडोजी खिडकीबाहेर बघत गालात हसला. अंबुबाई दिराशी तोंड वर करून भांडली, भर रस्त्यात तिनं पदर घसरू दिला, ते सगळं जिथं तिनं आयुष्यात पाऊल टाकलं नव्हतं अशा जागेसाठी. तिनं लेकीचा टरफलांनी माखलेला हात आपल्या हातात घेतला.

"मला काय ठावं?" ती म्हणाली. "तू जाऊन ये. संध्याकाळी मी तुझ्यापुढं बसते, मला शिकव."